सरळसेवा भरतीची कागदपत्रं: जाहिरात यायच्या आधी काय काय हातात असावं?

घाटमाथा
तलाठी, वनरक्षक, जिल्हा परिषद, पोलीस शिपाई, लोकसेवा आयोगाची गट-क... परीक्षा वेगवेगळ्या असल्या तरी कागद जवळपास तेच लागतात. अभ्यासाच्या धाग्यांवर भरपूर लिहिलं जातं. पण लेखी परीक्षेत यादीत आलेली मुलं कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर गळतात, त्याबद्दल एका जागी सलग असं काही सापडत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना या कागदांची नीट माहिती आहे त्यांनी भर घाला. 'मला असं वाटतं' नको, पक्कं माहीत असेल तेवढंच लिहा.

सुरुवात मी करतो. जाहिरातीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास' उमेदवाराकडे अमुक अर्हता, तमुक प्रमाणपत्र असलं पाहिजे. पडताळणीला फाइल उघडली की आधी ही तारीख बघतात. दाखला खरा आहे, सही खरी आहे, शिक्का खरा आहे, पण तो अंतिम दिनांकानंतर निघालाय, तर दावा जातो. जाहिरात आल्यावर सेतूत धावायचं आणि पंधरा-वीस दिवसांत सगळं उभं करायचं हे गणित बसत नाही. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, त्याखाली प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिलेली आहे: अधिवास आणि उत्पन्न १५ दिवस, नॉन क्रिमिलेअर (मागास प्रवर्गातलं कुटुंब सधन गटात मोडत नाही याचा दाखला) २१ दिवस, जातीचा दाखला ४५ दिवस. आणि हे दाखले एकापाठोपाठ एक लागतात. उत्पन्नाशिवाय नॉन क्रिमिलेअर नाही, जातीशिवायही नाही. बेरीज करून बघा.

शेवंती
घाटमाथा, धागा फार गरजेचा होता. माझे प्रश्न:
१. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आहे. तो डोमिसाइल म्हणून चालेल का?
२. लग्नानंतर आधार सासरच्या नावाने झालंय, दहावी-बारावी-पदवी माहेरच्या नावाने. अर्ज कुठल्या नावाने भरायचा?
३. नॉन क्रिमिलेअरला उत्पन्न नवऱ्याचं दाखवायचं की वडिलांचं? इमाव (इतर मागासवर्ग, म्हणजे ओबीसी) प्रवर्ग आहे. सेतूत एकाने नवऱ्याचं सांगितलं, दुसऱ्याने वडिलांचं.

कोरा_कागद
शेवंतीताई, तिसऱ्यापासून घेतो, कारण तिथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. वडिलांचं. म्हणजे आई-वडिलांचं. जात जन्माने येते, तसंच क्रिमिलेअरही मुलीच्या आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरतं. नवऱ्याचं उत्पन्न त्यात धरत नाहीत आणि तुमचं स्वतःचंही नाही. जातीचा दाखलाही माहेरच्या नावाने, वडिलांच्या बाजूच्या पुराव्यांवर. सासरच्या नावाने जातीचा दाखला काढायला जाऊ नका. पुढे जातीचा दाखला पडताळणाऱ्या वैधता समितीसमोर वडील, आजोबा, आत्या, चुलते यांचेच कागद लागतात.

आता उत्पन्न. मर्यादा आठ लाख. पण कुठले आठ लाख, हे नीट समजून घ्या. नॉन क्रिमिलेअरच्या उत्पन्न कसोटीत पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. इतर स्रोत, म्हणजे धंदा, भाडं, व्याज वगैरे बघतात. नोकरदार पालकांसाठी पगाराचा आकडा बघत नाहीत, पद बघतात. आई किंवा वडील यांपैकी एक जण थेट गट-अ मध्ये लागलेला असेल, किंवा दोघेही थेट गट-ब मध्ये, तर क्रिमिलेअर. वडील गट-ब मध्ये लागून चाळिशीच्या आत गट-अ मध्ये गेले असतील तरीही क्रिमिलेअर. प्राथमिक शिक्षक किंवा लिपिक असलेल्या वडिलांचा पगार नऊ लाख झाला, एवढ्यावरून मुलगी क्रिमिलेअरमध्ये जात नाही.

घोळ होतो तो असा. तहसीलदारांच्या उत्पन्न दाखल्यावर पगारासकट एकूण आकडा येतो. नॉन क्रिमिलेअरच्या अर्जाला तोच लावला की खिडकीवरचा माणूस 'आठच्या वर आहे' म्हणून परत पाठवतो. त्यावर उपाय एकच: वडिलांच्या कार्यालयाकडून पद, गट आणि नेमणुकीची तारीख लिहिलेलं पत्र घ्यायचं. सोबत फॉर्म सोळा जोडायचा, म्हणजे पगार किती आणि बाकीचं उत्पन्न किती हे वेगवेगळं दिसतं.

घाटमाथा
+१. त्यात तारखांची भर घालतो. नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्र हातात घेऊन खालच्या दोन ओळी वाचा. एक, 'हे प्रमाणपत्र दिनांक ३१ मार्च अमुकपर्यंत वैध राहील'. दोन, दिल्याची तारीख. जाहिरातीचा अंतिम दिनांक या दोन तारखांच्या मध्ये पडला पाहिजे. वैधता आर्थिक वर्षाला बांधलेली असते, म्हणून ३१ मार्च. फेब्रुवारीत एक वर्षाचं प्रमाणपत्र काढलं तर ते महिन्या-दीड महिन्यात संपतं, आणि लोक समजतात की अजून वर्षभर आहे.

उत्पन्न दाखल्याचा अर्ज भरताना एक वर्ष की तीन वर्षं असा पर्याय येतो. तिथे तीन वर्षंच घ्या. तिन्ही आर्थिक वर्षांचा पुरावा दिला तर नॉन क्रिमिलेअर तीन वर्षांपर्यंतचं मिळतं. एक वर्षाचा पुरावा दिला तर एकच वर्षाचं. पैसे आणि हेलपाटे जवळपास तेवढेच.

आणि एप्रिल सांभाळा. ३१ मार्चला हजारो प्रमाणपत्रं एकदम संपतात, एप्रिल-मे मध्ये तहसीलला रांग लागते, पुढे जूनमध्ये शाळा-कॉलेज प्रवेशवाल्यांची गर्दी. ज्यांचं संपतंय त्यांनी नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाकावा.

शेवंती
म्हणजे सेतूतल्या दुसऱ्याचं बरोबर होतं. धन्यवाद दोघांना. पहिल्या दोन प्रश्नांचं?

नांदेडकर
१. नाही चालणार. ग्रामपंचायतीचा दाखला हा फक्त पत्त्याचा पुरावा. राज्याच्या 'आपले सरकार' या ऑनलाइन संकेतस्थळावर 'तात्पुरता रहिवास प्रमाणपत्र' नावाची सेवा आहे, तोही डोमिसाइल नाही. तो सात दिवसांत मिळतो म्हणून घाईत तोच काढून ठेवणारे पुष्कळ. आपल्याला हवा त्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. त्यासाठी महाराष्ट्रात १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो.

पुरावा सलग दिसला पाहिजे, म्हणूनच शाळेचे कागद सगळ्यात उपयोगी. पहिली ते दहावी एकाच किंवा दोन शाळांत असाल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रवेशाची आणि सोडल्याची तारीख असते, दहा वर्षं तिथेच भरतात. पुढची कॉलेजच्या दाखल्यावर. मध्ये खंड असेल तर तलाठ्याचा रहिवास दाखला, वीजबिल, घरपट्टीची पावती, शिधापत्रिका. खंडाचं वर्ष कुठलं हे आपणच शोधून त्या वर्षाचा कागद लावायचा. नुसती दहा वीजबिलं जोडून उपयोग नाही, ती सगळी याच वर्षाची असतात.

हे प्रमाणपत्र एकदा निघालं की पुन्हा काढावं लागत नाही. म्हणून पहिलं हेच काढा.

सीमाभागातल्या मुलांसाठी: कर्नाटकातल्या वादग्रस्त ८६५ गावांमधले मराठी उमेदवार महाराष्ट्राच्या नोकऱ्यांना अर्ज करू शकतात. त्यांना त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा दाखला लागतो. जाहिरातीत हा परिच्छेद असतो, पण शेवटी-शेवटी, कोणी वाचत नाही.

आडवाट
नावाचं मी लिहितो.

अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने भरा, शेवंतीताई. जन्मतारीख आणि नाव, दोन्हीचा पाया दहावीचं प्रमाणपत्र. सासरच्या नावाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवा. नाव खरोखर बदलून घेतलं असेल, म्हणजे बँक, पॅन, आधार सगळीकडे नवं, तर राजपत्रातली नोंद असलेली बरी. राज्याच्या शासन मुद्रण विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज होतो, छापून आलेलं पान उतरवून ठेवायचं. राजपत्राची तारीखही अंतिम दिनांकाच्या आधीची हवी, हे विसरू नका. अर्जात 'नावात बदल झाला आहे का' हा प्रश्न असतो, तिथे 'होय' करून आधीचं नाव भरायचं. 'नाही' करून पुढे विवाह प्रमाणपत्र दाखवलं तर अर्जातली माहितीच चुकीची ठरते.

पण लग्नाच्या नावापेक्षा जास्त त्रास देतात ते लहान फरक. मराठीत लक्ष्मण एकच, इंग्रजीत मात्र दहावीला 'एक्स' वापरून, आधारवर 'केएसएच' वापरून. सुनीता-सुनिता. वडिलांच्या नावापुढे एका कागदावर 'राव' आहे, दुसऱ्यावर नाही. आडनाव कुठे पहिलं, कुठे शेवटचं. घरातल्या टेबलावर दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, जातीचा दाखला, अधिवास, पदवी असं ओळीने मांडा आणि इंग्रजी नाव अक्षर-अक्षर बोट ठेवून वाचा. मग ठरवा. दहावी सोडून जे जे वेगळं असेल ते दहावीसारखं करून घ्यायचं. आधार सगळ्यात सोपं, आधी तेच. आधार दुरुस्त झाल्यावरच अधिवास आणि जातीचा अर्ज टाका, नाहीतर तिथे पुन्हा जुनंच नाव छापून येतं.

चूक दहावीतच असेल तर रस्ता लांब आहे. शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली मूळ नोंद काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी शाळेतून 'प्रवेश निर्गम उतारा' (त्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) घ्या. रजिस्टरमध्ये बरोबर आणि प्रमाणपत्रात चूक असेल तर काम होतं. रजिस्टरमध्येच चूक असेल तर आधी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी.

मोगरा_२
प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प पेपर आणि नोटरी लागते असं आमच्याकडे सगळे सांगतात. तीन दाखले म्हणजे दीड हजार. खरंच लागतं का?

कोरा_कागद
नाही. हा खर्च कृपा करून कोणी करू नका. जात, उत्पन्न, अधिवास, नॉन क्रिमिलेअर अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरचे पाचशे झाले, त्यानंतर पुन्हा अफवा उठली. पण ती वाढ या दाखल्यांना लागू नाही. साध्या कोऱ्या कागदावर चालतं. बऱ्याच दाखल्यांना तर फक्त स्वयंघोषणापत्र पुरतं. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेत फिरायचीही गरज नाही, ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने स्वयंसाक्षांकन मान्य केलेलं आहे. झेरॉक्सवर स्वतःची पूर्ण सही, नाव, तारीख. बस.

खिडकीवर अडवलं तर वाद घालू नका, 'स्टॅम्प लागतो असं लेखी द्या' एवढंच नम्रपणे म्हणा. आणि मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला, तर लोकसेवा हक्क कायद्याखाली ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. अर्जाची पोच आणि टोकन क्रमांक म्हणूनच जपून ठेवायचे.

घाटमाथा
आपले सरकारवर घरून अर्ज करणाऱ्यांसाठी मापं देतो, कारण निम्मे अर्ज इथेच अडतात. फोटो १६० बाय २०० पिक्सेल, ५ ते २० केबी. कागदपत्रं प्रत्येकी ७५ ते ५०० केबी. ७५ च्या खालीही घेत नाही, हे लक्षात येत नाही आणि लोक फाइल आणखी आणखी दाबत बसतात.

भरतीच्या अर्जाची मापं वेगळी. तलाठी २०२३ टीसीएसमार्फत झाली, जिल्हा परिषद २०२३ आयबीपीएसमार्फत. आयबीपीएसचं माप ठरलेलं आहे: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० बाय ६०, १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०, २० ते ५० केबी, हाताने लिहिलेलं घोषणापत्र ८०० बाय ४००, ५० ते १०० केबी. सही काळ्या शाईने, पांढऱ्या कागदावर, आणि सुटी मोठी इंग्रजी अक्षरं काढून केलेली सही घेत नाहीत. घोषणापत्र स्वतःच्या हाताने, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं अक्षर पुढे जुळत नाही.

मोबाइलच्या स्कॅनर ॲपमध्ये काळं-पांढरं फिल्टर लावू नका. निळा गोल शिक्का त्यात पुसट होतो किंवा काळा डाग दिसतो. रंगीतच ठेवा. कागद खिडकीशेजारी सपाट ठेवून दिवसा स्कॅन केला तर सावली येत नाही. आणि फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून स्वतःलाच पाठवून उतरवली की ती आपोआप बारीक होते, अक्षरं फुटतात. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून.

मोगरा_२
डिजिटल सहीच्या दाखल्यावर पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड' दिसतंय. दाखला खोटा आहे का?

आडवाट
नाही हो ताई. मोबाइलमध्ये किंवा ब्राउझरमध्ये उघडला की सही तपासली जात नाही, म्हणून प्रश्नचिन्ह. संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, सहीवर उजवं क्लिक करून व्हॅलिडेट करा, तिथेच प्रमाणपत्राला विश्वासार्ह म्हणून जोडायचा पर्याय येतो. हिरवी खूण आली की मग प्रिंट. पण प्रिंटवरच्या खुणेपेक्षा दाखल्यावरचा बारकोड महत्त्वाचा. पडताळणीत तो क्रमांक टाकून मूळ नोंद उघडतात. प्रिंट काढताना 'पानात बसवा' केल्यावर कडेचा बारकोड कापला गेला नाही ना, ते बघा. अर्जात बारकोड क्रमांक विचारला तर तो दाखल्यावरून बघून टाइप करा आणि पुन्हा मागून पुढे वाचून तपासा.

नांदेडकर
जातीच्या दाखल्याचं कोणी सविस्तर लिहिलं नाही, लिहितो.

दाखला देतात उपविभागीय अधिकारी, आणि आजोबा-पणजोबा मानीव दिनांकाला (त्या प्रवर्गासाठी वास्तव्याची म्हणून ठरवलेली तारीख) जिथे राहत होते तिथले. आपण आज पुण्यात राहत असू, पण कुटुंब तेव्हा परभणी जिल्ह्यात असेल तर अर्ज तिकडे. मानीव दिनांक प्रवर्गानुसार: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इमाव आणि विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा वडिलांच्या बाजूचा एक तरी लेखी पुरावा हवा. सगळ्यात चांगला म्हणजे आजोबांचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा. आजोबा शाळेत गेले नसतील तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, ज्यात जन्ममृत्यूच्या नोंदींत जात लिहिलेली असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करायचा. तो मोडीत असेल तर मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, आणि त्याच्यासोबत मूळ नकलेची प्रमाणित प्रतही जोडायची. जुन्या कागदावर आजोबांचं नाव आणि आपल्या वडिलांच्या कागदावरचं आजोबांचं नाव यांत फरक असेल (गणू आणि गणपत, हे नेहमीचं), तर वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे स्पष्ट लिहा. हे न लिहिल्यामुळे सगळ्यात जास्त प्रकरणं त्रुटीत पडतात.

दाखला कायमचा असतो. त्याची मुदत संपत नाही. मुदत संपते ती नॉन क्रिमिलेअरची, लोक दोन्हींची सरमिसळ करतात.

वैधता प्रमाणपत्र वेगळं. ते जिल्हा जात पडताळणी समिती देते, जमातींसाठी आदिवासी विभागाच्या समित्या आहेत. भरतीच्या कामासाठी समितीकडे अर्ज करताना बहुधा निवडीचं किंवा शिफारशीचं पत्र लागतं, त्यामुळे अर्ज भरतानाच ते हातात नसतं तरी घाबरू नका. नेमणूक वैधतेच्या अटीवर मिळते. पण कॉलेज प्रवेशाच्या वेळी काढलेलं असेल तर तेच चालतं, जपून ठेवा. आणि सख्ख्या काका-आत्या-चुलत भावंडांपैकी कोणाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत आजच मागून ठेवा. समितीसमोर त्यासारखा पुरावा नाही.

शेवंती
खुल्या गटातल्या मैत्रिणीने विचारलंय: महिला आरक्षणासाठी तिलाही नॉन क्रिमिलेअर लागेल का?

कोरा_कागद
पूर्वी लागत होतं. ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने खुल्या गटातल्या महिलांसाठी ती अट काढली. अनुसूचित जाती-जमातीच्या महिलांना आधीपासूनच नाही. बाकी विजाअ (विमुक्त जाती), भजब, भजक, भजड (भटक्या जमाती ब, क, ड), विमाप्र, इमाव आणि २०२४ च्या कायद्याखालचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग), या सगळ्यांना लागतं. जुन्या जाहिराती वाचून तयारी करणाऱ्यांनी ही ओळ तपासून घ्यावी.

ईडब्ल्यूएसवाल्यांना (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) एक वेगळी सूचना. राज्याचं प्रमाणपत्र आणि केंद्राचं प्रमाणपत्र यांचे नमुने वेगळे. दोन्हीकडे आठ लाखांची मर्यादा, आणि इथे नॉन क्रिमिलेअरसारखी पगार-शेतीची सूट नाही, कुटुंबाचं सगळं उत्पन्न मोजतात. केंद्राच्या नमुन्यात शिवाय मालमत्तेच्या अटी आहेत: पाच एकर किंवा जास्त शेतजमीन, हजार चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट, असं काही असेल तर पात्र नाही. रेल्वे, टपाल, कर्मचारी निवड आयोग यांना राज्याचं प्रमाणपत्र लावलं तर ते नाकारतात.

इमावचंही तसंच. राज्यातला प्रवर्ग आणि केंद्रातला प्रवर्ग एक नसतो. धनगर राज्यात भज-क, केंद्रात इमाव. वंजारी राज्यात भज-ड, केंद्रात इमाव. केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा मागून घ्यावा लागतो. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांनी दोन्ही काढून ठेवावेत.

घाटमाथा
समांतर आरक्षणाचं (जातीच्या प्रवर्गाशिवाय खेळाडू, दिव्यांग वगैरेंसाठी असतं ते) थोडक्यात. खेळाडू ५ टक्के, पण नुसतं स्पर्धेचं प्रमाणपत्र चालत नाही. विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून ते पडताळून घेतलेलं हवं, आणि तेही अंतिम दिनांकाच्या आधी. पडताळणीला वेळ लागतो, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्या मिळाल्या पाठवा. प्रकल्पग्रस्त ५, भूकंपग्रस्त २ टक्के. मूळ कार्ड कोणाच्या नावाने आहे आणि आपण नामनिर्देशित आहोत का, हे बघा. त्याच कार्डावर घरातल्या दुसऱ्या कोणाला आधी नोकरी लागली असेल तर पुन्हा चालत नाही. दिव्यांग ४ टक्के, किमान ४० टक्के दिव्यांगत्व, ऑनलाइन यूडीआयडी प्रमाणपत्र. जाहिरातीत त्या पदाला कुठला प्रकार सुयोग्य ठरवलाय तेही वाचा. अनाथ १ टक्का, महिला व बाल विकास विभागाचं प्रमाणपत्र.

अर्जात दावा केला नाही तर नंतर करता येत नाही. अर्ज पाठवण्याआधी पूर्वावलोकनाचं पान छापून, प्रत्येक 'होय' समोर प्रत्यक्ष कागद ठेवून टिक करा. कागद नसेल तर 'होय' करू नका.

मोगरा_२
लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र अविवाहितांनाही द्यावं लागतं का? आणि एमएस-सीआयटी नाहीये.

आडवाट
नमुना-अ, म्हणजे हेच प्रतिज्ञापत्र, सगळेच देतात, अविवाहितांनी मुलांच्या जागी 'निरंक' लिहायचं. नियम २००५ चे आहेत. २८ मार्च २००६ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलामुळे हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली तर उमेदवार अपात्र. मुलांच्या जन्मतारखा जन्म प्रमाणपत्रावरून बघून लिहा, आठवणीने नको.

एमएस-सीआयटी किंवा शासनमान्य तत्सम (सीसीसी, ओ लेव्हल वगैरे) बहुतेक पदांना नेमणुकीपासून दोन वर्षांत पूर्ण करायची मुभा असते. पण लिपिक-टंकलेखकाच्या टंकलेखनाला अशी मुभा गृहीत धरू नका. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं शासकीय प्रमाणपत्र अंतिम दिनांकाला हवं.

पदवीच्या बाबतीत निकाल जाहीर झाल्याची तारीख बघतात. शेवटच्या सत्राचा निकाल अंतिम दिनांकाच्या दुसऱ्या दिवशी लागला तरी त्या जाहिरातीपुरते तुम्ही पदवीधर नाही. गुणपत्रिकेवर छपाईची तारीख उशिराची असेल तर विद्यापीठाकडून निकालाच्या तारखेचं पत्र घ्या. सीजीपीए असेल तर टक्केवारीत बदलण्याचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे असतं. मागची बाजूही स्कॅन करा.

तळकोकण
गोव्याच्या बाजूने अर्ज करणाऱ्यांसाठी भर. गोवा सरकारच्या जाहिरातींत १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं चालू कार्ड मागतात. कार्डाचं नूतनीकरण वेळेवर करावं लागतं, चुकलं तर अर्जच बाद. कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट, असं लिहिलेलं असतं. सिंधुदुर्गातून पेडणे-म्हापशाला रोज कामाला जाणाऱ्यांना तिथला १५ वर्षांचा दाखला मिळत नाही, त्यामुळे त्यांनी महाराष्ट्राचेच कागद नीट ठेवावेत.

नांदेडकर
निवड झाल्यावरचा एक कागद राहिला: साक्षांकन नमुना. चारित्र्य पडताळणीसाठी तो भरतात. त्यात 'कधी गुन्हा दाखल झाला आहे का, अटक झाली आहे का, खटला प्रलंबित आहे का' असे प्रश्न असतात. गावातल्या बांधाच्या भांडणात नाव आलं असेल, निर्दोष सुटले असाल, तरी ते लिहा, आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालात हेच मुख्य आहे. माहिती दिली असेल तर गुन्ह्याचं स्वरूप बघून नेमणुकीचा विचार होतो, लपवली तर लपवणं हेच कारण पुरतं. पोलीस ठाण्याच्या नोंदीत ते असतंच, सापडतंच.

शेवंती
सगळं वहीत उतरवून घेतलं. आता माझा क्रम असा लावलाय, चुकत असेल तर सांगा: आधी आधारवरचं नाव दहावीप्रमाणे, मग अधिवास, त्याच सुमारास वडिलांच्या नावाने तीन वर्षांचा उत्पन्न दाखला, जातीचा आहेच, मग नॉन क्रिमिलेअर. विवाह प्रमाणपत्र आहे. आजोबांचा शाळेचा उतारा काढायला या आठवड्यात माहेरी जाते.

घाटमाथा
क्रम बरोबर आहे ताई. माहेरी जाताय तर तिथल्या शाळेतून वडिलांचा आणि आत्यांचाही उतारा त्याच फेरीत मागून घ्या. मुख्याध्यापकांची सही, शाळेचा गोल शिक्का आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक उताऱ्यावर आहे ना, ते तिथेच उभं राहून तपासा. रजिस्टर क्रमांक लिहिला नसेल तर समिती तो उतारा परत पाठवते.